सांडपाण्याएवढी बाग: माण तालुक्यातल्या एका शाळेच्या परसबागेचे प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका वाडीवरची जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा. पहिली ते चौथी, पट ४६, शिक्षक दोन. इमारतीच्या मागे साधारण सव्वा गुंठा, म्हणजे १२० चौरस मीटर मोकळी जागा आणि तिच्या कडेला एक जुना कडुनिंब. कालवा या वाडीपर्यंत पोचलेला नाही. पिण्याचे पाणी नळाला दिवसाआड येते. शाळेचे नाव इथे दिलेले नाही.

पहिल्या वर्षी जूनअखेर सगळ्या जागेत बाग केली. १६ गादीवाफे पाडून त्यांत मेथी, पालक, टोमॅटो, वांगी आणि कोबीसुद्धा लावला. गणपतीपर्यंत निम्मे वाफे वाळले. उरलेल्यांवर दिवाळीच्या सुट्टीत शेळ्यांनी ताव मारला. वर्षभरात परसबागेची भाजी मुलांच्या ताटात दोनदा पडली. दुसऱ्या वर्षी बाग पाचव्या हिश्श्याहूनही लहान केली आणि ती एप्रिलपर्यंत टिकली. या दोन वर्षांत काय बदलले, त्याची ही नोंद आहे.

चुकलेले वर्ष

चूक मेहनतीत नव्हती, नमुन्यात होती. गादीवाफा म्हणजे जमिनीपेक्षा वीतभर उंच केलेला वाफा. महाबळेश्वर, जावळी, पाटण या पट्ट्यात तो अगदी बरोबर ठरतो, कारण तिथे जादा पाणी मुळांपासून निघून जायला हवे असते. माणमध्ये तोच वाफा चारी बाजूंनी वाऱ्याला उघडा पडतो आणि भाकरी तव्यावर सुकावी तसा सुकतो. महाबळेश्वर आणि माणचे तालुक्याचे गाव दहिवडी यांच्यात सरळ रेषेत शंभर किलोमीटरही अंतर नाही. पण तिकडे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि इकडे पाचशेच्या आसपास. जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात २०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाल्याची बातमी येते, तेव्हा माणमधली माणसे ढगांची नुसती ये-जा बघत बसलेली असतात. इथला भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्ताचा, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरमधला. इथली मुख्य ज्वारीही रब्बीची असते, ती याच कारणाने.

हे सगळे गावातल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक होते. परसबाग मात्र चित्रातल्या परसबागेसारखी केली गेली. परिसर अभ्यासात 'आपला जिल्हा' शिकवायचा आणि मागच्या अंगणात दुसऱ्याच तालुक्याची शेती करायची, असा तो प्रकार होता.

आधी बादली, मग फावडे

दुसऱ्या वर्षी जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पहिले काम झाले ते पाणी मोजण्याचे. हात धुण्याच्या नळकोंडाळ्याचा निचरा जिथे बाहेर पडतो तिथे २० लिटरची बादली लावली. भरली की तिसरीच्या मुलांनी भिंतीवर खडूने रेघ ओढायची. तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी वेगळ्या बादलीत धरले. तीन दिवसांची सरासरी ११५ लिटर निघाली.

आता हिशोब. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पाऊस गेल्यावर हिवाळ्यात पालेभाजीला दिवसाला चार ते पाच मिलिमीटर लागते. पाच धरले तर ११५ लिटरवर २३ चौरस मीटर भागते. पहिल्या वर्षीच्या १२० चौरस मीटरला रोज ६०० लिटर हवे होते, ते कुठूनच येणार नव्हते. म्हणून ३ फूट बाय १० फुटांचे आठच वाफे आखले, ते मिळून सव्वाबावीस चौरस मीटर भरतात. मार्च-एप्रिलमध्ये गरज सात-आठ मिलिमीटरवर जाते. तेव्हा आठातले पाचच वाफे चालू ठेवायचे हेही तेव्हाच ठरले.

परसबागेतून शिकवण्यासारखे सर्वांत मोलाचे असे काही असेल तर हाच हिशोब, असे आमचे मत आहे. चौथीच्या मुलाला यात गुणाकार, भागाकार, क्षेत्रफळ आणि सह्याद्रीची पर्जन्यछाया एकाच वेळी भेटतात. कठड्यावर ठेवलेल्या सरळ भिंतीच्या डब्यात पट्टी बुडवून पाऊस मोजायचा. मग त्याला शाळेच्या छताच्या ८० चौरस मीटर पत्र्याने गुणायचे, कारण छतावरचे पाणी टाकीत धरतात. १० मिलिमीटर पडला तर ८०० लिटर, त्यातले पाचवा हिस्सा उडाले-सांडले तरी ६४० हातात. पहिल्या पावसाचे पाणी मात्र टाकीत घ्यायचे नाही. छतावर वर्षभराची धूळ आणि पाखरांची विष्ठा असते.

सांडपाण्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. ताटे घासलेले पावडरचे पाणी वाफ्यात सोडले की महिन्याभरात मातीवर पांढरी खपली धरते आणि पाणी जिरायचे थांबते. म्हणून ते वेगळ्या चरातून अळू आणि कर्दळीकडे वळवले. घरोघरी मोरीच्या पाण्यावर अळू असतो, त्यामुळे हे कुणाला समजावून सांगावे लागले नाही. दुसरी गोष्ट शितांची. ती पाण्याबरोबर वाहत येतात, कुजतात आणि माश्या धरतात. अर्ध्या पिंपात तळाला खडी, वर जाड वाळू आणि सर्वांत वर नारळाचा काथ्या, अशी साधी गाळणी केली. काथ्या दर सोमवारी बदलायचा. तो राहून गेला की बुधवारपर्यंत वास सांगतोच. आणि सांडपाण्यावरची कोथिंबीर किंवा मुळा कच्चा खायला द्यायचा नाही. त्या दोन वाफ्यांना टाकीतलेच पाणी.

माती, वाफसा आणि केवडा

इथे नऊ इंच माती आणि खाली मुरूम. वाफे उलटे केले: जमिनीपेक्षा सहा इंच खोल, कडेला चार इंचांचा बांध. खणताना निघालेला मुरूम वाटेवर टाकला. तळ्यातला गाळ आणून वरच्या मातीत निम्मे-निम्मे मिसळला. नुसता गाळ भरलेला एक वाफा जानेवारीत बोटभर रुंद भेगांनी फाटला. त्या भेगा मुलांना मुद्दाम दाखवल्या.

माती ओळखायला पारदर्शक बरणी पुरते. तिसरा हिस्सा माती, वर पाणी, पाच मिनिटे खळखळून हलवायचे आणि कठड्यावर ठेवून द्यायचे. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा दोन-तीन तासांत, आणि चिकणमातीचा थर दुसऱ्या दिवशी शाळा भरते तेव्हा दिसतो. वाळलेल्या ढेकळावर लिंबू पिळले तर बारीक बुडबुडे येतात. ती चुनखडी.

पेरणीची घाई पहिल्या वर्षी नडली होती. पाऊस पडला त्याच दुपारी चिखलात बी टाकले, वर पापुद्रा धरला आणि कोंब आतच अडकले. या वेळी एका मुलीची आजी कुंपणापाशी थांबून म्हणाली, "गुरुजी, चिखलात बी टाकू नगा, वापसा येऊ द्या." वाफसा म्हणजे पेरणीजोगी ओल, ती बघायची रीत तिनेच मुलांना दाखवली. मूठभर माती दाबून लाडू वळायचा आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचा. पडून भुगा झाला तर पेरा. पचकन चपटा झाला तर थांबा. लाडूच वळला नाही तर उशीर झाला. मुलांनी तो आठवडा मधल्या सुट्टीत दुसरे काहीच खेळले नाही.

चवळीवर पुढे केवडा, म्हणजे पाने पिवळी पडण्याचा विकार, पडला. पाने पिवळी पडलेली पाहून पाणी वाढवले, तर केवडाही वाढला. इथे बघायचे ते पिवळे पान कोणते. जुनी, खालची पाने आधी पिवळी पडली तर नत्राची कमतरता. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील तर लोहाची. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण मुळांना उचलता येत नाही, आणि सततच्या ओलीत ते आणखी अडते. पाणी एक दिवसाआड केले. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (लोहाचा क्षार) आणि अर्धे लिंबू मिसळून शिक्षकांनी दोनदा फवारले. फवारणीच्या वेळी मुले वर्गात. दहा-बारा दिवसांत नवी पाने हिरवी आली, पिवळी पडलेली जुनी तशीच राहिली. मुलांना हा फरक वहीत रंगवायला लावला.

लेंडीतून उगवलेले झाड

वाडीत मेंढ्या भरपूर, त्यामुळे लेंडीखताला तोटा नव्हता. वाफ्याला दोन घमेली या मापाने ताजेच टाकले. तीन आठवड्यांनी मेथीपेक्षा जास्त रोपे वेगळीच दिसू लागली: बारीक संयुक्त पाने, बोटभर उंचीलाच काटा. वेडी बाभूळ. उन्हाळ्यात चारा नसतो तेव्हा शेळ्या-मेंढ्या तिच्या गोड शेंगा खातात. बी पोटातून सुखरूप बाहेर येते, उलट टणक टरफल मऊ झाल्याने लवकर रुजते. माळावर ही बाभूळ का पसरली, हे पाठ्यपुस्तकातून सांगायला एक तास लागला असता. इथे मुलांनी वाळलेल्या लेंड्या रात्रभर भिजत घातल्या, सकाळी काडीने फोडल्या आणि बिया मोजल्या. एका मेंढपाळाच्या मुलाने कोणत्या महिन्यातल्या लेंडीत बी सापडणार नाही ते बिनचूक सांगितले. वर्गात एरवी गप्प बसणारा हा मुलगा त्या दिवशी सगळ्यांना शिकवत होता.

त्यानंतर लेंडी खड्ड्यात घालून, ओली करून, झाकून तीन महिने कुजवली. खड्डा तापला तर आतले बरेचसे बी मरते. सगळे मरत नाही. उगवलेली बाभूळ दोन पानांवर असतानाच उपटायची. मूळ खोल गेल्यावर खुरप्याला दाद देत नाही.

आच्छादनाचा प्रश्न वेगळाच होता. पुस्तके म्हणतात, वाळला पाला-काडी टाका. पण माणमध्ये ज्वारीचा कडबा आणि बाजरीचे सरमाड म्हणजे जनावराचा चारा. तो मातीवर अंथरा म्हणणाऱ्याकडे गावात विचित्र नजरेने बघतात, आणि ते बरोबरच आहे. कडुनिंबाचा पाला आणि खळ्यातले भुसकट यांवर भागवले, थर दोन बोटे जाडीचा. वाळवी आली. ती बहुतेक मेलेला पालाच खाते, पण रोप तहानलेले असेल तर बुंध्यालाही लागते. म्हणून बुंध्याभोवती चार बोटे जागा उघडी ठेवली.

फुलांची शाळा वेगळ्या वेळी भरते

बी गावातूनच गोळा केले: गवार, चवळी, वाल, दोडका, अंबाडी, लाल भोपळा. राखेत ठेवलेले बी जुने असण्याची शक्यता असते. म्हणून प्रत्येकाचे २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून पाच दिवस ठेवले. १४ पेक्षा कमी रुजले तर पेरताना दीडपट टाकायचे. मेथीला एका वाफ्याला २० ग्रॅम. वेलांसाठी दोन फूट लांब-रुंद आणि दीड फूट खोल आळी. दोन भोपळ्यांच्या मधे पाच-सहा लिटरचे चांगले भाजलेले, पण बिनरंगाचे मडके गळ्यापर्यंत पुरले. ते चार-पाच दिवस पाझरत राहते. रंग दिलेले मडके पाझरत नाही, एक असे वाया गेले.

दोडक्याला पंधरा दिवस नुसती फुले येऊन गळत होती. चौथीतल्या एकाने निकाल दिला, "ह्यो वांझोटा येल हाय." वेल वांझ नव्हता, नरफुले आधी येतात. मादीफूल ओळखायला भिंग लागत नाही. पाकळ्यांच्या मागे करंगळीएवढा बारका दोडका असतो. मग पुढचा पेच पडला. दोडक्याचे फूल उमलते संध्याकाळी, शाळा सुटायच्या सुमारास. भोपळ्याचे उमलते पहाटे आणि साडेदहाला प्रार्थना होईपर्यंत मिटायला लागते. दोन्हींची वेळ शाळेच्या वेळात बसत नाही. यातून वाट काढली शनिवारच्या सकाळच्या शाळेने. त्या दिवशी परिपाठाच्या आधी भोपळा. मधमाशी नरफुलातून पिवळी होऊन बाहेर येते आणि तशीच मादीफुलात शिरते, एवढे दिसले की परागीभवन शब्द नंतर सांगितला तरी चालतो. दोडका बघणे हा वस्तीवरच्या मुलांचा संध्याकाळचा गृहपाठ झाला.

चवळीच्या शेंड्यांवर काळा मावा बसला तेव्हा फवारणीचा आग्रह पालकांकडूनच आला. दोन वेल मुद्दाम तसेच सोडले, बाकीच्यांवर ५० ग्रॅम निंबोळी कुटून, रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवून केलेला अर्क फवारला. सोडलेल्या वेलांवर आधी मुंग्या आल्या, माव्याचा गोड चिकटा चाटायला. त्यामागून ढालकिडे (लेडीबर्ड), आणि मग काळ्या अंगावर नारिंगी ठिपक्यांच्या, बारक्या सुसरीसारख्या अळ्या. मुलांनी पहिल्या दिवशी त्यातल्या बऱ्याच चिरडल्या. ती ढालकिड्याची पिल्ले, आणि मोठ्यांसारखीच माव्यावर तुटून पडतात, हे कळायला काचेच्या बरणीत एक अळी आणि माव्याने भरलेले एक पान ठेवावे लागले. दुपारच्या जेवणानंतर पान जवळजवळ साफ होते. त्या दिवसापासून अळी दिसली की आधी विचारायला येतात.

आठवा वाफा पेरलाच नाही. पाऊस पडल्यावर आपोआप काय येते ते बघायचे. तांदुळजा, चिघळ, केना, पाथरी, कुर्डू आले. गाजरगवतही आले, ते फुलावर यायच्या आत मोठ्यांनी हाताला पिशवी बांधून उपटले, अंगाला खाज सुटते म्हणून. प्रत्येक रोपाचे चित्र काढून घरी विचारायचे, हे खातात का, कसे करतात. नियम कडक होता: फूल दिसेपर्यंत आणि गावातल्या दोन जाणत्या बाया 'खायचे आहे' म्हणेपर्यंत काहीही तोंडात घालायचे नाही. त्याच वाफ्यात धोतऱ्याची दोन रोपे होती. हा वाफा आठांतला सर्वांत स्वस्त, आणि स्थानिक वनस्पतींबद्दल सर्वांत जास्त त्यानेच शिकवले. तरी पाहुणे आले की तो 'मोकळा राहिलेला' म्हणून लपवायची इच्छा होते, ती आवरावी.

ताटापर्यंत

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे. ४६ मुलांना २ किलो ३०० ग्रॅम. एका वाफ्यातून महिन्याभराने मेथी निघते ती दोन किलोच्या आसपास. म्हणजे वाफे आठवड्याच्या अंतराने पेरले तर आठवड्यातून एक दिवस बागेची भाजी, त्याहून जास्त नाही. परसबागेने शाळा भाजीत स्वयंपूर्ण होते असे अहवालात लिहिले जाते, ते या पाण्यात शक्य नाही. पालकांना हे आधीच सांगितलेले बरे. अंबाडी खिचडीत घातली तेव्हा आंबट म्हणून निम्मी ताटे तशीच परत आली. ती भाकरीबरोबर खायची भाजी आहे. शेवग्याचा पाला आमटीत घातला तर कुणी तक्रार केली नाही.

सुट्ट्या

शाळेच्या बागा रोगापेक्षा सुट्टीने जास्त मरतात. मेथी, पालक दिवाळीच्या सुट्टीआधी बरोबर पाच आठवडे पेरून सुट्टीच्या आदल्या दिवशी काढून घेतले. उभी राहिली ती गवार आणि मडक्यांवरचे वेल. कुंपणाला बोरीच्या फांद्या, काटे बाहेरच्या बाजूला, बुंधे आतल्या बाजूला मातीत दाबलेले. शेळी फांदी ओढून काढते, ती बुंधा उघडा राहिला तरच. शेजारच्या तीन घरांना मडकी भरण्याची पाळी दिली, बदल्यात त्या पंधरवड्याची गवार त्यांची.

दिवाळीनंतर काही मेंढपाळ कुटुंबे कळप घेऊन कृष्णाकाठाकडे उतरतात, त्यांची मुले वर्गातून कमी होतात. त्यांच्या नावाचे वाफे कुणी पाहायचे यावरून वर्गात भांडण झाले. पुढच्या वर्षापासून वाफा एका मुलाच्या नावे न देता दोन घरांच्या जोडीला दिला, एक फिरते घर आणि एक मुक्कामी.

एप्रिलअखेर वाफे बंद. बी उन्हात वाळवून, राखेत मिसळून, कागदी पाकिटांत: नाव, कोणाच्या घरचे, कोणत्या महिन्यात धरले. विकतच्या संकरित पाकिटातल्या टोमॅटोचे बी धरले नाही, त्याची पुढची पिढी एकसारखी येत नाही. मेमध्ये फक्त शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू, तिन्हींना एकेक मडके. मातीत उरलेल्या बाभळीच्या बिया मृगाच्या पहिल्या सरीला पुन्हा उगवल्या. शाळा भरली त्या आठवड्यात पहिलीच्या नव्या मुलांना पहिले काम तेच मिळाले.